तिन्हींवरून चौथा: त्रैराशिकाची पाच गणितं



आजच्या भागासाठी कागद आणि पेन्सिल जवळ घ्या. गाडी चालवत ऐकत असाल तर नुसतं ऐका, आकडे नंतर या संहितेत सापडतील. विषय शाळेतलाच आहे. तीन आकडे दिलेले असतात आणि चौथा काढायचा असतो. इतक्या वह्यांना इतके रुपये, तर तितक्या वह्यांना किती? आपण सगळ्यांनी हे गणित केलं आहे, आणि आता आपली मुलं इथे अल्फारेटात तेच करतात.

तेच करतात, पण तसंच करत नाहीत. सहावी-सातवीचा गृहपाठ उघडला की मराठी घरात एक ठरलेलं बोलणं होतं. मूल म्हणतं, ‘आमच्या टीचरनी असं नाही शिकवलं.’ आई किंवा बाबा म्हणतात, ‘उत्तर तर तेच आलं ना?’ दोघांचंही बरोबर असतं. मूल ज्या रीतीने करतं तिला इतिहास आहे, आणि आपण ज्या रीतीने करतो तिलाही. आज पाच गणितं सोडवत हा इतिहास पाहू. गणितं सोपी आहेत, पण त्यातली दोन सोडवताना थोडं थांबावं लागेल.

पहिलं गणित: पोहे

१२ माणसांना ३ पाउंड पोहे लागतात. गणपतीला घरी ४० माणसं येणार आहेत, तर पोहे किती घ्यायचे?

महाराष्ट्रातल्या शाळेत आपण हे एकमान पद्धतीने शिकलो. आधी एकाचं काढायचं, मग हव्या तितक्यांचं.
१२ माणसांना ३ पाउंड.
म्हणून १ माणसाला ३ ÷ १२ = पाव पाउंड.
म्हणून ४० माणसांना ४० × पाव = १० पाउंड.

आता तुमचं सहावीतलं मूल बघा. ते दोन ओळींचा तक्ता आखतं. वर माणसं, खाली पाउंड. पहिल्या रकान्यात १२ आणि ३. दोन्हींना ३ ने भागून दुसऱ्या रकान्यात ४ आणि १. मग दोन्हींना १० ने गुणून ४० आणि १०. झालं. एका माणसाचं काढायची गरजच पडली नाही, कारण ४ माणसांना १ पाउंड हा टप्पा जास्त सोयीचा होता.

आणि तुमचे आजोबा असते, तर त्यांनी तीन आकडे एका ओळीत मांडले असते: १२, ३, ४०. मधल्याला शेवटच्याने गुणायचं, पहिल्याने भागायचं. ३ × ४० = १२०, आणि १२० ÷ १२ = १०.

या तिसऱ्या रीतीचं नाव त्रैराशिक, म्हणजे तीन राशींचं गणित. तिन्हींत सगळ्यात जुनी हीच. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये लिहिलेल्या ‘आर्यभटीया’त हा नियम आहे. तिन्ही आकड्यांना नावं आहेत. १२ हे प्रमाण, ३ हे त्याचं फल, ४० ही इच्छा, आणि काढायचं ते इच्छाफल. नावं किती सरळ आहेत पाहा. जे माहीत आहे ते प्रमाण, त्यातून मिळालं ते फल, आणि आपल्याला हवी ती इच्छा. प्रमाण आणि इच्छा एकाच जातीची असली पाहिजेत. इथे दोन्ही माणसं आहेत. फल वेगळ्या जातीचं, ते मध्ये बसतं. मुलाचा गोंधळ होत असेल, तर आधी फक्त एवढंच विचारा: ‘यात एकाच जातीच्या दोन गोष्टी कोणत्या?’ अर्धं गणित तिथेच सुटतं.

दुसरं गणित: केशर

आता नऊशे वर्षं मागे जाऊ. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ.स. १११४ चा. सह्याद्रीच्या आश्रयाला असलेलं विज्जडविड हे आपलं गाव, असं त्यांनीच लिहून ठेवलं आहे. ते गाव नेमकं कोणतं यावर अभ्यासकांचे वाद आहेत. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला. त्याचा पाटीगणिताचा भाग म्हणजे ‘लीलावती’.

लीलावतीतलं एक गणित असं आहे. अडीच पळं केशर निष्काच्या तीन सप्तमांशाला मिळतं. तर नऊ निष्कांना किती मिळेल? पळ हे वजन, निष्क हे नाणं. गणित वाण्याला उद्देशून विचारलेलं आहे.

पायरी पहिली: जाती ओळखा. दिलेले पैसे आणि हातातले पैसे एका जातीचे. म्हणून प्रमाण तीन सप्तमांश, इच्छा नऊ. केशर वेगळ्या जातीचं, म्हणून फल अडीच.
पायरी दुसरी: फलाला इच्छेने गुणा. अडीच नव्वे साडेबावीस.
पायरी तिसरी: प्रमाणाने भागा. तीन सप्तमांशाने भागायचं म्हणजे ७ ने गुणून ३ ने भागायचं. साडेबावीस × ७ = साडेसत्तावन्नाशे नव्हे, नीट करू: २२ सत्ते १५४, आणि अर्ध्याचे साडेतीन, म्हणजे १५७ आणि अर्धा. त्याला ३ ने भागलं की साडेबावन्न.

उत्तर साडेबावन्न पळं. एका पळाचे चार कर्ष, म्हणून ५२ पळं आणि २ कर्ष.

यात ‘अडीच नव्वे साडेबावीस’ हे तुम्ही पटकन म्हणू शकलात का? जुन्या मराठी शाळेत ते पाठच असायचं. पंतोजींच्या शाळेत मुलं धूळपाटीवर अक्षरं गिरवायची आणि संध्याकाळी एका सुरात उजळणी म्हणायची. एक ते तीसचे पाढे तर होतेच, शिवाय अपूर्णांकांचेही पाढे होते: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. औट म्हणजे साडेतीन.

हे पाढे म्हणजे पोरांना छळण्याचा उद्योग होता असं वाटतं, पण बाजाराचा हिशेब पाहिला की त्यांचं काम कळतं. एका रुपयाचे सोळा आणे, एका आण्याच्या बारा पया. एका मणाचे चाळीस शेर. आता चाळीसला सोळाने भागा: अडीच. म्हणजे मणाचा जो भाव रुपयांत असेल, तितकेच आणे अडीच शेरांना पडतात. ज्वारी पंचवीस रुपये मण असेल, तर अडीच शेर पंचवीस आण्यांना आणि एक शेर दहा आण्यांना. अडीचकी ज्याला पाठ आहे, तो दुकानात कागद न घेता हे करतो. अपूर्णांकांचे पाढे त्या नाण्यांवर आणि त्या मापांवर बेतलेले होते.

म्हणूनच ते गेले. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. पाठोपाठ शेर-मण जाऊन किलो आले. नाणं दशमान झाल्यावर औटकीचा रोजचा उपयोग संपला, आणि एका पिढीत ती शाळेतूनही गेली. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द मात्र राहिले. ते मुलांना जरूर शिकवा. इंग्रजीत ‘दोन आणि एक द्वितीयांश’ असं दोन तुकड्यांत सांगावं लागतं, आपल्याकडे त्याला एकच शब्द आहे.

हे पुस्तक लिहिल्यावर कुठे शिकवलं गेलं, याचाही एक पुरावा दगडावर आहे. चाळीसगावजवळ पाटण इथे १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघणाचे ज्योतिषी होते. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांनी तिथे मठ काढला, आणि निकुंभ घराण्याच्या सोइदेवाने त्याला दान दिलं. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे, पण शेवटी जुनी मराठी येते. का? कारण तिथे मठाचा खर्च कसा चालायचा ते सांगितलं आहे: बाजारातल्या व्यवहारातून किती, तेलाच्या घाण्यामागे किती. स्तुती संस्कृतात आणि हिशेब मराठीत. हा लेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी अभ्यासकांपुढे आणला.

पुढे १५८७ मध्ये अकबराच्या दरबारात फैजीने लीलावती फारसीत नेली. १८१६ मध्ये जॉन टेलर यांचं इंग्रजी भाषांतर मुंबईत छापलं गेलं, आणि पुढच्याच वर्षी कोलब्रुक यांचं लंडनला. गंमत अशी की त्यानंतर थोड्याच वर्षांत वाहतूक उलट दिशेने सुरू झाली. १८२० च्या दशकात मुंबईत कॅप्टन जॉर्ज जर्विस यांच्या देखरेखीखाली इंग्रजी धर्तीची गणिताची पुस्तकं मराठीत होऊ लागली. त्या इंग्रजी पुस्तकांतही त्रैराशिक होतंच. तिथे ते ‘तिनाचा नियम’ या नावाने नांदत होतं. अल्-बिरूनीने अकराव्या शतकात भारतीयांच्या राशी-गणितावर अरबीत स्वतंत्र पुस्तिका लिहिली होती. अरबी विद्वानांच्या हातून हा नियम युरोपात गेला आणि व्यापाऱ्यांनी तो इतका वापरला की त्याला ‘सोनेरी नियम’ असंही नाव पडलं.

तिसरं गणित: माप आणि माणूस

सगळीच गणितं सरळ नसतात. लीलावतीत धान्याची रास आहे. सात आढकांच्या मापाने मोजली तर शंभर मापं भरतात. पाच आढकांच्या मापाने किती भरतील?

सवयीने त्रैराशिक मांडलं तर १०० × ५ ÷ ७, म्हणजे सुमारे एकाहत्तर येतं. थांबा आणि विचार करा. माप लहान झालं. लहान मापाने मोजलं तर मापं जास्त भरणार की कमी? जास्त. म्हणून एकाहत्तर चूक आहे, हे आकडेमोडीच्या आधीच कळलं पाहिजे. इथे उलट करायचं: पहिल्याने गुणायचं, शेवटच्याने भागायचं. १०० × ७ ÷ ५ = १४०. हे व्यस्त त्रैराशिक. बालभारतीच्या पुस्तकांत आज याला व्यस्त चलन म्हणतात आणि पहिल्याला समचलन.

व्यस्त त्रैराशिक कुठे कुठे लागू होतं, हे भास्कराचार्य सांगतात. धान्याच्या मापात, सोन्याच्या कसात, आणि जिवंत प्राण्यांच्या वयाप्रमाणे ठरणाऱ्या किमतीत. या शेवटच्या प्रकाराचं उदाहरण वाचताना आज आपण अडखळतो. सोळा वर्षांची स्त्री बत्तीस निष्कांना मिळते, तर वीस वर्षांची कितीला? ३२ × १६ ÷ २० = पंचवीस पूर्णांक तीन पंचमांश. गणित बरोबर आहे.

हे उदाहरण झाकून ठेवायचं कारण नाही. जे पुस्तक लीलावती नावाच्या मुलीला प्रेमाने प्रश्न विचारतं, त्याच पुस्तकात स्त्रीची किंमत वयावर काढली आहे. तो काळ तसा होता आणि पुढेही बराच काळ तसाच राहिला. पेशवाईच्या कागदपत्रांत कुणबिणींच्या खरेदी-विक्रीचे हिशेब आहेत. शाब्दिक उदाहरण आकडे शिकवतं, आणि त्या आकड्यांभोवतीचं जग नेहमीचंच आहे असंही न बोलता शिकवून जातं. शिकणारं मूल रीतीकडे बघत असतं, त्यामुळे बाकीचं प्रश्न न विचारता आत जातं.

हे फक्त आपल्याकडचं नाही. इथल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६४ मध्ये, नॉर्थ कॅरोलायनातल्या रॉली शहरात दक्षिणेच्या मुलांसाठी एक अंकगणित छापलं गेलं. त्यात असं उदाहरण आहे: दक्षिणेचा एक सैनिक उत्तरेच्या सात जणांना लोळवतो, तर एकोणपन्नास जणांना लोळवायला किती सैनिक लागतील? त्रैराशिकाने उत्तर सात. पुढच्याच वर्षी दक्षिण हरली.

आणि हे फार जुनंही नाही. जानेवारी २०१२ मध्ये आपल्यापासून गाडीने अर्ध्या तासावर असलेल्या नॉरक्रॉसमधल्या एका प्राथमिक शाळेत तिसरीच्या मुलांना गृहपाठ मिळाला. एका झाडाला छपन्न संत्री आहेत, आठ गुलामांनी ती सारखी तोडली, तर प्रत्येकाने किती? दुसऱ्या प्रश्नात एकाला दिवसातून दोनदा मारहाण होत होती आणि आठवड्याचा आकडा काढायचा होता. इतिहासाचा धडा गणितात आणायचा तो प्रयत्न होता, असं तेव्हा सांगितलं गेलं. पालकांनी आवाज उठवला, देशभर बातम्या झाल्या. छपन्न भागिले आठ सातच. चूक भागाकारात नव्हती.

आपण राहतो त्या जमिनीचंही असंच एक गणित आहे. इथली जमीन चेरोकी लोकांची होती. १८३२ मध्ये जॉर्जिया राज्याने ती मोजून तिचे तुकडे पाडले आणि सोडतीने वाटले. साधे तुकडे १६० एकरांचे, आणि सोनं सापडेल असा अंदाज होता तिथले ४० एकरांचे. एका चौरस मैलात ६४० एकर असतात, म्हणजे सोन्याचे तुकडे सोळा बसतात. भागाकार पुन्हा बिनचूक. सहा वर्षांनी, १८३८ मध्ये, चेरोकींना पश्चिमेकडे हाकलून देण्यात आलं. त्यानंतर वीस वर्षांनी, १८५८ मध्ये, अल्फारेटा गावाला सनद मिळाली.

म्हणून माझी एक विनंती आहे. मुलाबरोबर शाब्दिक उदाहरण सोडवताना उत्तर आलं की लगेच पान उलटू नका. एक प्रश्न जास्त विचारा: ‘या गणितात कोण आहे, आणि त्याचं काय चाललं आहे?’ सहावीतलं मूल या प्रश्नाला फार चांगली उत्तरं देतं.

चौथं गणित: हौद

नळ आणि हौदाशिवाय शालेय गणिताचा कार्यक्रम पुरा होत नाही. हौद एका नळाने भरतो, दुसऱ्याने रिकामा होतो आणि नळ बंद कोणीच करत नाही, यावर आपण सगळे हसलो आहोत. पण हा हौद इंग्रजांनी आणलेला नाही. लीलावतीत चार झरे आहेत. पहिला हौद एका दिवसात भरतो, दुसरा अर्ध्या दिवसात, तिसरा एक तृतीयांश दिवसात, चौथा एक षष्ठांश दिवसात. चारही एकदम सोडले तर हौद किती वेळात भरेल?

इथे मुलं वेळांची बेरीज करतात आणि फसतात. बेरीज वेळेची होत नाही, कामाची होते. म्हणून प्रत्येक झऱ्याचं एका दिवसाचं काम काढा.
पहिला दिवसाला १ हौद भरतो.
दुसरा २ हौद.
तिसरा ३ हौद.
चौथा ६ हौद.
चौघे मिळून दिवसाला १२ हौद. म्हणून एक हौद दिवसाच्या बाराव्या भागात भरेल, म्हणजे आजच्या घड्याळात दोन तासांत.

ताळा करा. दोन तासांत पहिला झरा हौदाचा बारावा भाग भरेल, दुसरा दोन बारांश, तिसरा तीन बारांश, चौथा सहा बारांश. एक, दोन, तीन आणि सहा मिळून बारा. हौद भरला. ताळा करायची सवय लागली की मूल उत्तरासाठी पुस्तकाचं शेवटचं पान बघत नाही.

पाचवं गणित: लिंकन आणि चोवीस माणसं

अमेरिकेतलं त्रैराशिक आपल्याला अनपेक्षित ठिकाणी भेटतं. डिसेंबर १८५९ मध्ये अब्राहम लिंकन यांनी जेसी फेल या मित्राला स्वतःची थोडक्यात माहिती लिहून पाठवली. इंडियानाच्या जंगलातल्या शाळांत मास्तरांना लिहिता-वाचता आणि तिनाच्या नियमापर्यंत हिशेब आला की पुरे असे, आणि आपलंही शिक्षण तेवढंच झालं, असं त्यांनी त्यात सांगितलं. सगळी शाळा मिळून वर्षभराचीही नव्हती. लिंकन यांनी मुलगा असताना शिवून केलेल्या हिशेबाच्या वहीची काही पानं आजही आहेत. त्यांच्या सावत्र आईने ती जपली आणि १८६५ मध्ये विल्यम हर्नडन यांना दिली. म्हणजे आर्यभटाने सांगितलेला नियम केंटकीत जन्मलेल्या आणि इंडियानात वाढलेल्या एका शेतकऱ्याच्या पोरापर्यंत पोचला होता.

पण तेव्हाच इथे एक शंकाही विचारली जात होती. नियम पाठ आहे, तो का चालतो हे कळतं का? १८२१ मध्ये बॉस्टनच्या वॉरन कोलबर्न यांनी मुलांसाठी अंकगणित लिहिलं. त्यात नियम आधी सांगितलेले नाहीत. छोट्या छोट्या प्रश्नांतून मुलाने स्वतः रीत शोधायची. १९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक उडाल्यावर ‘नवं गणित’ आलं, तेव्हाही हाच वाद झाला, आणि तेव्हाचे पालकही गृहपाठापुढे हतबल झाले होते. २०१० मध्ये जॉर्जियाने ‘कॉमन कोअर’ स्वीकारलं, पुढे ते बदलत गेलं, आणि २०२३-२४ पासून राज्याचा स्वतःचा नवा अभ्यासक्रम सुरू झाला. तुमच्या मुलाचा दोन ओळींचा तक्ता या दोनशे वर्षांच्या वादातून आला आहे.

महाराष्ट्रातही वाद झाला. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘त्रेसष्ट’बरोबर ‘साठ तीन’ असंही वाचायची पद्धत दिली, आणि गदारोळ उठला. समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांचं म्हणणं साधं होतं. आपण लिहिताना आधी सहा लिहितो आणि बोलताना आधी तीन म्हणतो, लहान मुलं तिथे अडखळतात; जुने शब्द काढलेले नाहीत, नव्याची मदत दिली आहे. इथे वाढणाऱ्या मराठी मुलांना हीच अडचण दुप्पट येते, कारण शाळेत ती रोज ‘साठ तीन’च्या क्रमानेच ऐकतात. तुमचं मूल एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत गोंधळलं तर हसू नका.

आता आमच्या धंद्यातलं गणित. मी संगणक प्रणालींच्या प्रकल्पांवर सल्लागार म्हणून काम करतो, आणि बैठकीत हे गणित कुणीतरी मांडतंच. चार माणसं एक काम सहा महिन्यांत करतात. तर एका महिन्यात करायला किती माणसं लागतील?

व्यस्त त्रैराशिक: ४ × ६ ÷ १ = २४. आकडेमोड चोख. पण चोवीस माणसं ते काम एका महिन्यात करत नाहीत. आयबीएमच्या ओएस/३६० या प्रणालीचं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये यावर पुस्तकच लिहिलं. उशीर झालेल्या प्रकल्पात माणसं वाढवली तर उशीर आणखी वाढतो, असं त्यांनी दाखवलं. कारणही गणितातच आहे. चार माणसांत बोलणाऱ्या जोड्या ४ × ३ ÷ २ = ६. चोवीस माणसांत २४ × २३ ÷ २ = २७६. काम सहापट माणसांत वाटलं, पण बोलणी सेहेचाळीसपट झाली. खड्डा खणणारी माणसं बिनबोलता खणू शकतात, प्रणाली लिहिणारी नाही.

त्रैराशिकाचा हा सगळ्यात अवघड भाग, आणि तो पाठ करता येत नाही. नियम लावायचा कसा हे दहा मिनिटांत शिकता येतं. तो इथे लागतो का, हे ओळखायला त्या गोष्टीची माहिती लागते: माप लहान झालं की काय होतं, माणसं वाढली की काय होतं. जुनी रीत उत्तर लवकर देते, आणि नव्या तक्त्यात मुलाला दिसतं की दोन्ही ओळी एकत्रच वाढत आहेत. घरी दोन्ही करा. मुलाला त्याच्या तक्त्याने करू द्या, तुम्ही त्रैराशिकाने करा, आणि उत्तर जुळलं नाही तर दोघांनी मिळून शोधा कुठे चुकलं ते. आणि हे मराठीत करा. ‘जर… तर…’, ‘म्हणून’, ‘एकाला किती’ हे शब्द मुलांच्या तोंडात बसायला गृहपाठासारखी जागा नाही.

जाता जाता तीन प्रश्न. प्रत्येकात आधी ठरवा: सरळ त्रैराशिक, व्यस्त, की त्रैराशिकच नाही? मग उत्तर काढा.

एक: ३ गॅलन दुधाला १२ डॉलर पडतात, तर ५ गॅलनला किती?
दोन: ताशी ६० मैल वेगाने गेलं तर ४ तास लागतात. ताशी ४० मैल वेगाने गेलं तर किती?
तीन: अंगणात एक साडी वाळायला २ तास लागतात, तर पाच साड्या वाळायला किती?

तिसऱ्या प्रश्नावर घरात वाद झाला तर उत्तम. उत्तरं पुढच्या भागात. तोवर नमस्कार.